आमेन होईपर्यंत

आई,

आज सकाळी सुभेदार गेला. मोरीच्या भिंतीला पाठ लावून रोज झोपतो तसाच झोपला होता. फक्त मी दाराची कडी काढली तेव्हा त्याचा कान हलला नाही, तेवढ्यावरून मला कळले. तरी मी खाली बसून त्याच्या नाकापाशी हात धरला आणि थोड्या वेळाने पुन्हा धरला. माझी ही सवय तुला ठाऊक आहे. कुलूप लावल्यावर अर्ध्या रस्त्यातून परत येऊन ते ओढून पाहणारा मी, माझी एकदा पाहून कशी खात्री होणार? शेजारच्या मावशींनी कुदळ दिली. मागच्या शेवग्याखालची जमीन कडक आहे, खणायला वेळ लागला. तुझ्या जुन्या लुगड्याचा जो तुकडा तो एवढी वर्षे अंगाखाली घेत होता, त्यातच त्याला गुंडाळले. मावशी कुंपणाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हातारा हून ग्येला, सोनं झालं त्याचं. आता तुमीच येकटं राहिला बगा." मग त्यांचे त्यांनाच वाईट वाटले असावे, कारण लगेच म्हणाल्या, "कालवन देऊ का वाटीभर?" मी नको म्हणालो. आंघोळ करून छापखान्यात गेलो. कुत्रे मेले म्हणून उशीर झाला असे सांगायचे धैर्य झाले नाही, सायकल पंक्चर झाली असे सांगितले. दिवसभर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे खिळे जुळवत होतो. संध्याकाळी भिंगारला परत आलो, दिवा लावला, भाकरी करून झाकून ठेवली आणि हे लिहायला बसलो. तुला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. तू असताना मी कधी तुझ्यापासून दूर राहिलोच नाही, त्यामुळे तशी गरज पडली नव्हती.

तो आला ते दिवस मला आज सारखे आठवत आहेत. लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते वर्ष. बाबा नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते आणि घरात त्यांना कुठे बसावे ते कळत नव्हते. तू केर काढायला लागलीस की ते खुर्ची उचलून अंगणात जायचे, ऊन आले की खुर्चीसकट परत आत. छावणीतल्या एका साहेबाची बदली झाली आणि त्याचा खानसामा एका टोपलीत हे पिल्लू घेऊन दाराशी आला. बाबा म्हणाले, "मुलं वाढवून झाली, आता हे कशाला?" तू टोपली आत घेतलीस आणि म्हणालीस, "तुम्हाला रागवायला घरात कुणीतरी लहान नको का? धाकट्याला रागवून रागवून तो बिचारा वाळला." धाकटा म्हणजे मी. मॅट्रिकच्या आधीच मी शाळा सोडली होती आणि बाबा जेवताना रोज तोच विषय काढत. पिल्लू लष्करातून आले म्हणून त्याचे नाव सुभेदार ठेवले. बाबांनी त्या रात्रीपुरते माझे शिक्षण बाजूला ठेवले, एवढे मला चांगले आठवते.

त्या वर्षीचा नाताळ. ताई बेलापूरहून आली आहे, दादा आणि वहिनी तिसगावहून आले आहेत. देवळातली उपासना आटोपून सगळे खालीच पंगतीला बसलो आहोत आणि मध्ये करंज्यांचे ताट आहे. घरात प्रार्थना करायची ती तूच. बाबांनी निवृत्त होताच ते काम तुझ्याकडे दिले होते. "शाळेत जन्मभर मोठ्याने बोललो," ते म्हणायचे, "आता घरात तू बोल." आणि तुझी प्रार्थना लांब. आधी अन्नाबद्दल आभार, मग ताई आणि तिचे घर, मग दादा आणि वहिनी, मग बाबांचे गुडघे, मग माझी प्रकृती, मग आजारी शेजारीपाजारी. आम्ही सगळे डोळे मिटून बसलेलो. आमेन झाले, डोळे उघडले, तर ताटात करंज्यांचा चुरा आणि सुभेदार कोपऱ्यात तोंड चाटत बसलेला. दादा म्हणाला, "आई, देवाला थोडक्यात सांगितलं असतंस तर दोन-चार तरी हाती लागल्या असत्या." ताई हसून हसून वहिनीच्या अंगावर पडली. तू मात्र हसली नाहीस. त्या पिल्लाला समोर बसवलेस आणि म्हणालीस, "ह्या घरात डोळे मिटलेल्या माणसांच्या ताटातलं खायचं नसतं." दुसऱ्या दिवसापासून त्याची जर्मनच्या पत्र्याची ताटली आमच्या पंगतीला आली. ताटली पुढ्यात ठेवायची, तो झेपावला की हाताने अडवायचे, एक डोळा उघडा ठेवून सगळी प्रार्थना म्हणायची आणि आमेन झाल्यावरच हात काढायचा. बाबा म्हणाले, "त्याचा बाप्तिस्माही उरकून घे म्हणजे झालं." पण तू हटली नाहीस. पुढे हात धरावा लागेनासा झाला. प्रार्थनेच्या शेवटी तू त्याचीही भर घातलीस, "आणि दाराशी बसलेल्या ह्या मुक्या जीवालाही दे." हे वाक्य आले की तो उठून उभा राहायचा, आमेन झाले की ताटलीत तोंड घालायचा.

निवृत्तीनंतर तुम्ही दोघे फिरायला लागलात. जन्मभर शाळेच्या सुट्ट्यांवर ज्यांची पावले मोजली गेली, ती दोन माणसे एकदम मोकळी झाली. फिरणे म्हणजे काय, तर ताईकडे बेलापूर आणि दादाकडे तिसगाव, पण निघताना थाट काशी-रामेश्वराला निघाल्यासारखा. वाढदिवस असो, बारसे असो, तिसगावला दादाच्या परड्यात हरभरा आला एवढे कारणही तुला पुरायचे. आणि सुभेदार बरोबर हवाच. टांगेवाला म्हणायचा, "मास्तरीनबाई, ह्यो टांग्यात बसनार आन् मास्तर काय चालत येनार व्हय?" तू म्हणायचीस, "मास्तरांना सवय आहे." तिसगावची मोटार लढाईत कोळशावर चालू लागली होती. घाटात ती थकली की सगळे उतारू खाली उतरून ढकलायचे, आणि तू व सुभेदार रस्त्याकडेच्या दगडावर बसून सगळ्यांना सूचना करायचात. म्हणजे तू करायचीस, तो भुंकायचा. मी मागे ढकलत असायचो आणि मोटार मागे घरंगळली तर काय होईल याची काळजी करत असायचो. तुला कसलीच काळजी नसायची. तुझ्या वाटणीचीही मीच करत होतो.

ताईच्या पहिल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला गेलो तेव्हाची गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण पुढे तिचाच उपयोग झाला. सुभेदाराला गाडीत आपल्याजवळ बसू देईनात, त्याला गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात ठेवले. वांबोरीला गाडी थांबली, तू बाबांना पाहायला पाठवलेस. राहुरीला थांबली, पुन्हा पाठवलेस. बाबा धोतर सावरत फलाटावरून पळत जायचे आणि खिडकीशी येऊन सांगायचे, "झोपलाय. माझ्यापेक्षा सुखात आहे." बेलापूरला ताईच्या सासरी मोठी पंगत होती. त्यांच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना मनातल्या मनात करतात, सगळ्यांनी माना खाली घातल्या, वर केल्या आणि जेवायला सुरुवात केली. सुभेदारापुढे भात-मटणाची ताटली तशीच. तो तिच्याकडे पाही आणि तुझ्याकडे पाही, तोंडातून लाळ गळत होती. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "काय हो विहीणबाई, आमचं अन्न गोड लागत नाही वाटतं तुमच्या कुत्र्याला?" तू लाजलीस. मग हातातला घास खाली ठेवून, भरल्या पंगतीत, त्या एकट्याकरिता अख्खी प्रार्थना मोठ्याने म्हटलीस. आमेन झाल्यावर ताटली क्षणात रिकामी झाली. व्याही म्हणाले, "आमच्या मुलांना लावा ही शिस्त." येताना गाडीत तू बाबांना म्हणालीस, "मी नसले तर ह्याचं कसं व्हायचं?" बाबा म्हणाले, "आधी माझं कसं व्हायचं ते बोल." तेव्हा आपण सगळेच हसलो होतो.

त्यानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात तुला ताप आला. तापाबद्दल मी काही लिहीत नाही, तो तुझा तुला माहीत आहे. तू गेल्यावर घर भरले होते. ताई, दादा, वहिनी, शेजारच्या घरांतून येणारी डबे-पातेली. पाळकसाहेब रोज येत. जेवणाआधी कधी ते प्रार्थना म्हणत, कधी दादा म्हणे. सुभेदार त्या दिवसांत नीट जेवत होता. मग एकेक करून सगळे परत गेले. पहिल्या संध्याकाळी बाबा आणि मी दोघेच. मी पिठले-भाकरी केली होती, करपली होती. मी हात जोडून वाट पाहत बसलो. बाबांनी हात जोडले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि चावू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मीही हात सोडले आणि जेवू लागलो. जन्मात प्रथमच मी उघड्या डोळ्यांनी जेवायला सुरुवात केली, आणि मला चोरी केल्यासारखे वाटले. बाबांनी दोन घास खाऊन ताट सारले. सुभेदार ताटलीपुढे बसून होता. त्याने ताटलीला तोंड लावले नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मावशी पाहायला आल्या. म्हणाल्या, "लोकं हुती तवर त्याला वाटलं आसंल, बाई येतील मागारी. आता त्याला उमगलं. मुकं जनावर हाय पन मानसापरीस बरं, मालकिनीच्या मागं अन्न सोडलं बगा." आणि आळीत हे पसरले. लोक येऊन दारातून त्याला पाहून जाऊ लागले. कुणी त्याच्यापुढे दूध ठेवी, कुणी पाव. तो हुंगायचा आणि बसून राहायचा. रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात त्याचा दाखला दिला, मुक्या प्राण्याची निष्ठा पाहा म्हणाले. सगळ्यांच्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. बाबा आपल्या वहाणांकडे पाहत होते. त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी सैल झाली होती, गळ्याभोवती बोट फिरेल एवढी. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कुत्रा जेवत नव्हता ते सगळे पाहायला येत होते. बाबा जेवत नव्हते ते माझ्याखेरीज कुणी पाहत नव्हते. हा गेला की त्याच्या मागोमाग बाबाही जातील, असे माझ्या मनाने घेतले. माझे मन अशा गोष्टी लवकर घेते.

मी सुभेदाराकडे लक्ष ठेवू लागलो. तुझी वाट पाहत असता तर त्याने दाराकडे पाहिले असते, तुझ्या बाजेकडे पाहिले असते. तो दाराकडे पाहत नव्हता. तो बाबांच्या तोंडाकडे पाहत होता. आणि लाळ गळत होती. दुःखाने अन्न सोडलेल्याच्या तोंडाला पाणी कसे सुटेल? मला एकदम बेलापूरची पंगत आठवली. त्याने काही सोडले नव्हते, आई. तू सांगितलेस तेवढेच तो करत होता. ह्या घरात प्रार्थना झाल्याशिवाय खायचे नसते.

बाबांना हे कसे सांगावे ते मला कळेना. मी त्याची ताटली उचलून मागे शेवग्याखाली नेली, त्याच्यासमोर बसलो आणि तुझी प्रार्थना म्हणू लागलो. इतकी वर्षे ऐकलेली, पण म्हणायला गेलो तर शब्द पुढचे मागे व्हायला लागले. दादाच्या आधी ताई की ताईच्या आधी दादा, इथेच मी अडलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडलो. सुभेदार कान टवकारून अर्धवट उठला होता. वर पाहिले तर मागच्या दारात बाबा उभे.

"काय चाललंय?"

"बाबा, तो उपाशी आहे. प्रार्थनेसाठी थांबलाय. त्याला दुसरं काही झालेलं नाही."

"कुत्र्यासाठी देवाचं नाव घेतोस?"

शाळा सोडली तेव्हाही मी त्यांना उलट बोललो नव्हतो. तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, "मॅट्रिक होता आलं नाही, निदान जे लिहिशील ते शुद्ध लिही," आणि मी मान हलवली होती. पण त्या दिवशी मी बोललो. "तुम्ही घेत नाही, बाबा. मला ते धड घेता येत नाही. मग तो मरेल." आणि मग, का कोण जाणे, "तुम्हीसुद्धा," असेही माझ्या तोंडून गेले.

बाबा आत गेले. मला वाटले, आता संपले. संध्याकाळी मी ताटे वाढली, सुभेदाराची ताटली ठेवली. बाबा बसले. त्याच्याकडे पाहिले. म्हणाले, "तुझी आई फार लांबवायची." आणि हात जोडले. त्यांना सगळे येत होते, आई. आधी अन्न, मग ताई आणि तिचे घर, मग दादा आणि वहिनी. स्वतःच्या गुडघ्यांशी आले, तेही म्हटले, कारण ते तुझ्या प्रार्थनेत होते. मग मी. मग शेजारीपाजारी. "आणि दाराशी बसलेल्या ह्या मुक्या जीवालाही दे." सुभेदार उभा राहिला. पण आमेन येईना. मी डोळे उघडले. बाबांचे डोळे मिटलेलेच होते. ते म्हणाले, "हिने स्वतःचं नाव कधी घेतलंच नाही, रे. इतकी वर्षं ऐकत होतो. माझ्या ध्यानातच आलं नाही." सुभेदार उभा राहून थरथरत होता. मग बाबा म्हणाले, "आमेन." त्याने ताटली चाटून पुसून लख्ख केली, ती सरकत सरकत भिंतीला जाऊन आपटली. बाबांनी त्या दिवशी एक अख्खी भाकरी खाल्ली. मी करपवली होती तरी.

पुढे पाळकसाहेब आनंदाने म्हणाले, "मास्तर, ऐकलं की तुम्ही पुन्हा प्रार्थना सुरू केलीत." बाबा म्हणाले, "प्रार्थना नाही हो, कुत्र्याला जेवायला घालतो." हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. बेलापूरला, तिसगावला, जिथे म्हणून आम्ही तिघे गेलो, तिथे पंगतीत आधी जाहीर करायचे, "हे आमच्या सुभेदारासाठी आहे, तुम्ही खुशाल जेवायला लागा," आणि मग तुझी अख्खी प्रार्थना म्हणायचे. कुणी जेवायला लागत नसे. दादाची मुले तर आजोबांची प्रार्थना ऐकायला कुत्र्याशेजारी येऊन बसत. बाबा तुझ्यासारखे हिंडले नाहीत, पण सण एकही चुकवला नाही. सुभेदार गार्डाच्या डब्यात आणि त्याला पाहायला आता मी पळायचो. मला सांगावे लागत नसे.

बाबा गेले ते तुला माहीत असेलच. त्यानंतर नाताळ दोन ठिकाणी होऊ लागला, ताईचा बेलापूरला आणि दादाचा तिसगावला. त्यांची मुले मोठी झाली, त्यांची त्यांना माणसे झाली. दोघेही मला बोलावतात. ताईचे पत्र दर वर्षी येते, "ये रे, एकटा काय करतोस?" मी लिहितो, सुभेदार म्हातारा झाला, त्याला गाडी सोसत नाही. त्याला खरेच सोसत नव्हती. भिंगारच्या घरात आम्ही दोघे. रोज संध्याकाळी एक ताट आणि एक ताटली. मला आता सगळी प्रार्थना बिनचूक येते. आधी ताई, मग दादा. बाबांच्या गुडघ्यांच्या जागी मी तुम्हा दोघांना घातले आहे, तेवढा बदल मी केला. मावशी कुंपणापलीकडून हसतात, "कुत्र्याला पोथी वाचून दावत्यात." मीही बाबांसारखेच सांगतो, त्याच्याशिवाय तो जेवत नाही हो, काय करणार.

हे पत्र कुठे टाकायचे ते मला माहीत नाही, तेव्हा टाकणार नाही. बाबा असते तर त्यांनी ऱ्हस्वदीर्घ तपासले असते, म्हणून एकदा वाचून काढले. चूक दिसली नाही. ताईला उद्या लिहायला हवे, आता न जायला कारण उरले नाही. एक राहिले. लिहायला बसण्याआधी मी ताट वाढून घेतले होते. सवयीने ताटलीही घेतली, मग ती परत ठेवली. ताटापुढे बसलो, हात जोडले, आणि तोंडातून शब्द निघाला नाही. मला वाटत होते की मी ते त्याच्यासाठी म्हणतो. तसाच बसून राहिलो, मग ताट झाकले आणि दौत काढली. भाकरी एव्हाना गार झाली असेल. आई, मी अजून जेवलो नाही.